लाल ठिपका

स्क्रीनवर निखिल सरांच्या नावापुढे लाल ठिपका उमटला, तेव्हा मी कप खाली ठेवला आणि त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

हा ठिपका लावणारा नियम मीच लिहिलाय. कंपनीच्या क्लाउडवरची फाइल बाहेरच्यांना उघडी राहिली आणि तिच्यात ग्राहकांचे आधार नंबर असले, की ठिपका लागतो. तो मोठ्या साहेबांनाही दिसतो. आधार नंबरला ठरलेलं रूप असतं, म्हणून तो सापडतो. माणसाच्या गुपिताला असं रूप नसतं. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, हे मी विश्वासाने सांगितलेलं सरांनी चहाच्या वेळी सगळ्यांना हसत सांगितलं, तेव्हा कुठेच काही लाल झालं नाही. माझा चेहरा बघून म्हणाले, "त्यात काय एवढं? आपलीच माणसं आहेत."

पुढे नियम लिहिताना मी सरांच्या सवयी एकेक आठवून प्रत्येक फट बुजवली.

आता ते माझ्या टेबलाशी आले. "अगं, घाईत लिंक उघडी राहिली. साहेबांनी बघायच्या आत तेवढा ठिपका काढ ना."

इतकं हळू बोलता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं. लिंक मी केव्हाच बंद केली होती. ठिपका तेवढा ठेवला होता.

"त्यात काय एवढं, सर?" मी म्हणाले. "आपलेच साहेब आहेत."