कडू भोपळ्याची एकतारी

आमच्या सारजावहिनी एकतारी करतात. थोरला भाऊ गेला तेव्हा वहिनी घरात एकट्या उरल्या आणि त्यांनी गोठ्यावर कडू भोपळ्याची वेल चढवली. हा भोपळा खायचा नसतो. तो वाळवायचा, कोरायचा, तोंडावर करडाचं कातडं ताणायचं, बांबू घालायचा, तार ओढायची. ओतूरच्या आसपास पुष्कळ भजनी मंडळांत त्यांच्या एकताऱ्या आहेत, पण दोन सारख्या सापडणार नाहीत. कुणी म्हणालं, "मागच्यासारखीच द्या," तर वहिनी म्हणतात, "मला काय इचारतोस? येलीला इचार."

हे मला पटत नसे. मी सातवी पास. सातवी पास माणसाला सगळं आधीच ठाऊक असतं.

गेल्या आषाढात मंडळाच्या बैठकीत मी बोलून गेलो, "चैत्रातल्या सप्ताहाला माझ्या हातची एकतारी! चेंडूसारखी गोल. नाही जमली तर सप्ताहभर पंगतीची भांडी घाशीन."

मंडळाचे म्होरके संपतराव लगेच म्हणाले, "गेणू, राख आणून ठेवतो."

वहिनींकडून बी आणलं, पडवीवर वेल चढवली. भादव्यात फळं धरली. मी आल्यागेल्याला बोटानं दाखवू लागलो, हा माझा, तो माझा. वहिनी लांबून ओरडल्या, "भावजी, बोट वाकवा! कवळ्या फळाला सरळ बोट दावलं तर झडतं."

मी हसलो. आठवड्यात निम्मी झडली. मग मी कोपरानं दाखवू लागलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा खांदा आखडला.

उरलेल्यांतल्या एकावर माझा फार जीव. तो वाकडा जाऊ नये म्हणून मी अक्कल चालवली. वेलीवरच त्याला तांब्याच्या कळशीत सोडला. आता गोल होणार नाही तर जाईल कुठं? गेला नाही कुठंच, हे मात्र खरं. दिवाळीला आमच्या मंडळींनी कळशी मागितली, तर भोपळा आत ऐसपैस बसलेला आणि बाहेर यायला तयार नाही.

"माझ्या माहेरची कळशी हाय ती!"

"मग कळशीसकट एकतारी करतो."

"करा. आन् गळ्यात अडकवून नाचा सप्त्यात."

विळीच्या टोकानं खरवडून खरवडून भोपळा काढला. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

बाकीचे तोवर किडले होते. एकच उरला, पत्र्याला टेकून वाढलेला. एक अंग चपटं, मान वाकडी. मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं.

"वहिनी, हा कसा वाजंल?"

"न्हाई ठावं."

"अंदाज तरी?"

"मला माझ्या एकाचाबी आला न्हाई कदी." मग म्हणाल्या, "तुमचा भाऊ गेला तवा मी लई इचारायची, आता कसं व्हनार? सांगनार कोन? मंग येल लावली. तिलाबी ठावं नव्हतं, पर चढत व्हती."

माघात भोपळा वाळला, आत बिया खुळखुळायला लागल्या. कोरताना माझा हात सटकला आणि तडा गेला. डोळ्यांपुढे पंगतीची पातेली दिसू लागली. वहिनींनी तड्यावर डिंकानं कातड्याची पट्टी चिकटवली. "तार लावंस्तवर गप ऱ्हावा."

सप्ताहाच्या पहिल्या संध्याकाळी देवळात बसून तार छेडली. सर्दी झालेली शेळी ओरडावी तसा आवाज निघाला. सगळं देऊळ हसलं, पोरंसोरं तर लोळली. संपतराव डोळे पुसत म्हणाले, "गोल म्हनला व्हतास ना, राव? भांडी!"

"घासतो की," म्हणालो, आणि वाजवत राहिलो. काय सांगू, त्या घोगऱ्या सुरावर संपतरावांनी अभंग धरला, तो आम्हा म्हाताऱ्यांना चांगला झेपला. उंच चढायला नको, खोकला नको. वहिनी बायकांत बसून डोलत होत्या.

सप्ताहभर मी भांडी घासली. रोज संध्याकाळी ओले हात धोतराला पुसून धावत देवळात जायचो, आज ही काय बोलते बघायला. एकदा गोड बोलली. एकदा नुसती गुरगुरली. मधेच आभाळ भरून आलं, कातडं सैल पडलं, तर बाई बोलेच ना. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. त्याही थोड्या चुकल्या, पण मजा आली.