बिनमानसाच्या जिमचा विमा

आर्णी तालुक्यात माह्याएवढा धीट मानूस तुमाले भेटनार नाई. मांजर आडवी गेली तरी मी थांबत नाई... माह्या गाडीचे ब्रेकच लागत नाई.

भूत, भानामती, अंगात येनं — मी काहीच मानत नव्हतो. आता मानतो का, ते मलेच माहीत नाई. शाळा माही चौथीत सुटली, म्हनून मोबाईलमंधी बोलून राह्यलो अन् थो लिहून राह्यला. चुका झाल्या तं अर्ध्या त्याच्या.

तं... आमचा बंजाऱ्याईचा तांडा आर्णीपासून चार किलोमीटर. आर्णीत मेन रोडवर एका गाळ्यात माही जिम हाय. माह्यं पोट पाहून नवे लोक इचारते, "भाऊ, तुमी सामान इकता का?"

मी दिवसभर वावरात, म्हनून जिमच्या दारात माही माय बसे. आमच्या गोर बोलीत मायले याडी म्हंते. निळा प्लास्टिकचा स्टूल, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगात आरशाची कांचळी. तांड्याची रीत अशी का नवा मानूस आला तं पयले इचाराचं — तांडा कोनता, तांड्याचा नायक कोन, गोत कोनतं? याडीनं ते जिमलेही लावलं. ब्यांकेचा साहेब आला तरी तेच. अन् शेवटचा सवाल, "जेवला का?" नाई म्हनलं का वापस. "जाय, खाऊन ये. मंग उचल लोखंड."

मले लाज वाटे. मी म्हनो, "याडी, हे जिम हाय, लग्नाचा मांडव नाई."

थे म्हने, "तुले जास्त समजते ना, तं तू बस अठी."

मी काही बसलो नाई.

गेल्या उन्हाळ्यात याडी गेली. पगारी मानूस ठेवाची ऐपत नाई, म्हनून दाराले नंबरवालं कुलूप बसवलं, दोन कॅमेरे लावले, अन् एक लाल बटन — कोनाले काही झालं तं दाबा, माह्या मोबाईलवर वाजते. स्टूल मातर दारातच राह्यला. बायकोनं दोनदा उचलला अन् दोनदा तिथंच ठेवून देल्ला.

पंधरा दिवस नाई झाले, तं एक गडी उपाशीपोटी मशीनच्या पट्ट्यावर पयता पयता पडला. डोक्याले तीन टाके. गाळामालक घाबरला. म्हने, "विमा काढ, नाई तं महिना संपला का गाळा खाली कर."

विमावाल्याईले फोन लावले. सगळे एकच इचारे, "तिथे माणूस कोण असतो?"

"कोनीच नाई."

फोन कट.

शेवटी एका कंपनीनं बिनमानसाच्या जिमचा वेगळा फॉर्म देल्ला अन् सांगतलं का नागपूरवरून सर्व्हेवाला साहेब येईन. त्याचं मत चांगलं पडलं तं विमा, नाई तं जिमले कायमचं कुलूप.

आता माही हुशारी पाहा. मी म्हनलं, साहेबाले मानूस नसलेली जिम दाखवाची, तं मी तिथं कायले जाऊ? मी गेलो का झाला ना मानूस! म्हनून कुलपाचा नंबर त्याले फोनवर सांगतला अन् मी समोरच्या टपरीवर पेपर उघडून बसलो. पेपर मले धड वाचता येत नाई, पन मांगं लपता येते.

दुपारचे दोन. साहेब आला. चष्मा, बॅग, घामाघूम. नंबर दाबून आत गेला. दहा मिनटानं बाहेर आला... पायात जोडे नाई. अनवानीच रोड वलांडून सरळ टपरीवर — माह्या बाजूलेच!

"दोन आलूबोंडे द्या लवकर," थो टपरीवाल्या गजूभाऊले म्हने. "समोरच्या आजी आत येऊ देत नाहीत. म्हणतात, उपाशीपोटी लोखंडाला हात लावायचा नाही."

गजूभाऊचा झारा तेलातच राह्यला. याडीच्या मयतीले थोच सगळ्याईच्या पुढं होता.

"कोनती आजी?"

"त्या स्टुलावर बसतात ना, त्या. कोपरापर्यंत बांगड्या. मला विचारतात, तांडा कोणता, नायक कोण? मी म्हटलं, आजी, मी नागपूरचा. आमच्याकडे नायक नसतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो. तर म्हणाल्या, मग त्याचं नाव सांग."

मी पेपर खाली केला. "साहेब... जिमवाला मीच."

साहेब तापला. "तुम्ही फॉर्मवर लिहिलंय की इथे माणूस नाही! खोटी माहिती दिली तर विमा मिळत नाही, कळतं का?"

"साहेब, थे माही माय होती. उन्हाळ्यात वारली."

साहेबाले वाटलं मी मस्करी करून राह्यलो. तसंही माह्या तोंडावरून लोकाईले तेच वाटते. मंग मी मोबाईलवर कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग लावली. मलेही पाह्याचंच होतं. साहेब दारात थांबते. वाकून जोडे काढते. हात जोडते. अन् रिकाम्या स्टुलाकडं खाली पाहून बोलते... मान हालवते... एकदा हासतेही. स्टुलावर कोनी नाई. पुऱ्या जिममंधी कोनी नाई.

साहेबानं दोनदा पाह्यलं. एक आलूबोंडा उचलला, पुरा खाल्ला. मंग दुसरा. पानी पेला अन् मलेच इचारलं, "आता... जाऊ का आत?"

मी म्हनलं, "जेवले ना? मंग जा."

थो गेला. लाल बटन दाबून पाह्यलं, माह्या खिशात वाजलं. अर्ध्या घंट्यानं जोडे घालून बाहेर आला. म्हने, "आता स्टुलावर कोणी नव्हतं." अन् गेला.

महिना संपाच्या चार दिवस आधी विमा आला. सोबत दोन अटी. एक — येनाऱ्यानं दारात नाव-गाव लिहाचं. दोन — उपाशीपोटी व्यायाम करू नये, असा बोर्ड लावाचा. कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासकट, याडीचेच सवाल!

डॉक्टर म्हंते, उपाशीपोटी उन्हात भास होते. होत असंन. पन नागपूरच्या मानसाले भासात कोनी नायकाचं नाव काऊन इचारन? याडीचा फोटोही जिममंधी नाई, तांड्यातल्या घरी हाय. मी लय डोकं चालवलं — म्हंजे जेवढं हाय तेवढं — पन उत्तर काही भेटलं नाई. तुमच्यापैकी कोनाले समजलं तं सांगा.

आता स्टुलावर कोनी बॅग ठेवली तं मी उचलतो. दुपारी जिममंधी गेलो का आधी सांगतो, "याडी, जेवून आलो."

त्या दिवशी घरी विम्याचा कागद नेला, तं माह्या डोळ्याले पानी आलतं. बायकोले म्हनलं, "पाहा, याडीचा माह्यावर किती जीव! मेल्यावरही माह्यासाठी आली."

थे भाकर थापून राह्यलती. मांगं पाह्यलं बी नाई.

"जीव कायचा? तुमच्या भरोशावर जिम सोडून जायाची तिची हिंमत झाली नाई."