आमच्या ब्लॉगचा एकमेव वाचक

अंबडच्या एका कंपनीतल्या साळुंके नावाच्या खरेदी अधिकाऱ्याने मला फसवलं, आणि फसवायची रीत त्याला मीच लिहून दिली होती.

अंबडला माझा छोटा कारखाना आहे. विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याची खोकी करतो. मी भाजीवाल्यांच्या घरातला. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस शिकलो आणि त्याच जोरावर पत्र्याच्या धंद्यात उभा राहिलो. (रागही तेव्हाचाच आहे. तो मात्र कोणी कुठल्याच भावाने घेत नाही.)

बायको, सुमन, गेल्यावर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिजची घरघर, एवढेच उरलो. तेव्हा आमच्या मुलीने, शलाकाने, कॅनडातून फर्मान काढलं.

"बाबा, ब्लॉग लिहा! कंपनीची ओळख वाढते आणि माणसाचं मन मोकळं होतं."

"एकाच औषधाने दोन्ही?"

"दोन वेगळे ब्लॉग, बाबा. एक कंपनीचा, एक तुमचा."

वेबसाइट करणाऱ्या बाईंनीही दोनच सांगितले. मी ऐकतोय होय! "मॅडम, माणूस एक, ब्लॉग दोन कशाला? एकातच बसवा आणि भाव निम्मा करा!"

"काका, घोटाळा होईल."

"होऊ द्या, पण निम्म्यात होऊ द्या!"

जिंकलो. (असं मला वाटलं.)

मग एका रविवारी 'पत्र्याला गंज लागू नये म्हणून', तर पुढच्या रविवारी 'सुमनने गॅलरीत मोगरा लावला तेव्हा'. सगळं एकाच पानावर! खाली वाचकांचा आकडा दिसायचा. तो कायम एक. मला कोण आनंद! म्हणजे शलाका वाचते! तिला विचारलं मात्र नाही. वाचणाऱ्याला 'वाचतेस का' विचारणं बरं दिसत नाही. उलट तिच्यासाठी आणखी खुलून लिहू लागलो. एकदा तर माझं धंद्याचं गुपितच लिहून टाकलं: भाव पटला नाही की उठायचं, तीन पावलं जायचं आणि चौथ्याला वाकून चप्पल नीट करायची. तेवढ्यात समोरच्याला हाक मारायला वेळ मिळतो. हाक येतेच! सुमन म्हणायची, "अहो, भाजी स्वस्त पडली, पण तुमच्या कमरेचं औषध महाग पडतंय."

पुढच्याच आठवड्यात साळुंके साहेब कारखान्यात आले. मी भाव सांगितला. ते उठले. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला वाकले आणि बुटाची लेस बांधू लागले. बुटाला लेसच नव्हती!

"साहेब, थांबा!" माझ्या तोंडून निघून गेलं. (माझ्याच युक्तीला माझीच हाक!) भाव उतरवून झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"ही चाल माझी आहे! कुठून उचललीत?"

"तुमच्याच ब्लॉगवरून, शेठ. खोक्यांची माहिती बघायला उघडला आणि मग सोडवेना. दर रविवारी वाचतो."

"दर रविवारी? मग तो आकडा... तो एक..."

"मीच असणार."

मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, चहा सांडला. तो माझ्याच पँटवर. ते गेल्यावर शलाकाला फोन लावला.

"तू माझं वाचतेस ना गं?"

"बाबा, खरं सांगू? वेळच होत नाही. पण चाललंय ना छान?"

"छान चाललंय," मी म्हणालो. "वाचक वाढलेत."

त्यानंतर दोन रविवार मी एक अक्षर लिहिलं नाही. कोणाला काही फरक पडला नाही. तिसऱ्या रविवारी फोन वाजला. साळुंके!

"काका, नवीन काही आलं नाही. तब्येत बरी आहे ना?"

एवढंच विचारलं हो त्या माणसाने! आणि मी तासभर बोललो. त्याने ऐकून घेतलं, मध्ये मध्ये हसलासुद्धा. त्या भरात, त्याने मागितलेली नसताना, पुढच्या ऑर्डरीवर मीच सूट देऊन बसलो आणि वर त्यालाच दोनदा थँक्यू म्हणालो!

बापाला असं स्वस्तात जायला लावलंस, शलाका. याचा जाब तुलाच द्यावा लागेल!

(साळुंके, एवढं तिला कळवा. ती हे वाचत नाही.)