आईच्या विम्याचा फॉर्म

दुसऱ्यांच्या कागदपत्रांतल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. आईच्या विम्याच्या फॉर्मवर मात्र चूक केली ती मीच.

बाबा गेल्यावर आई पुण्याहून सिंगापूरला, आमच्या यिशुन भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. विमा काढताना फॉर्मवर प्रश्न होता, काही आजार, नेहमीची औषधं? मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

"आजार कसला? बीपीची एक गोळी तेवढी," आई म्हणाली.

आमच्याकडे बीपीला कुणी आजार म्हणतच नाही. नाश्त्यानंतर गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. मी बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली.

सहा महिन्यांनी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी आणखी दोन गोळ्या वाढवल्या, तेव्हा कुठे मी पॉलिसी नीट वाचली. नेहमीच्या औषधांचा खर्च मिळणार होता. पण आधीचा आजार लपवला असेल, तर पॉलिसीच रद्द. ते कागद घेऊन मी हॉलभर फेऱ्या घालायला लागले.

"आई, आपण खोटं लिहून दिलंय गं. पकडले गेलो तर?"

"चिल ला, मम्मा," मोबाइलमधून डोकं वर न काढता माझी मुलगी इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

कंपनीला उद्या कळवू, परवा कळवू, असं करत तीन आठवडे गेले. रोज एमआरटीच्या मेट्रोत मी मनातल्या मनात ईमेल लिहायचे आणि ऑफिसात पोचले की टाळायचे. कशात लक्ष लागत नव्हतं. भित्री कुठली!

मग एका शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, आईला भोवळ आली. क्लिनिकमध्ये नेलं, तर बीपी भलतंच वाढलेलं. घरी येऊन तिचा औषधांचा डबा उघडला. पट्ट्या जशाच्या तशा. माझं डोकंच फिरलं.

"लहान आहेस का तू? एकही गोळी घेतली नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "संपल्या की पुन्हा आणाव्या लागतात. क्लिनिकमध्ये नोंद होते. तू तर लिहून दिलंयस, मला काही नाही म्हणून. लोकांच्या कागदांतल्या चुका काढणारीनेच खोटं लिहिलं म्हणून तुझी नोकरी गेली असती गं."

मला रडूच फुटलं. तिला गोळी दिली, ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले. मग लॅपटॉप उघडून कंपनीला लिहिलं: माझ्या आईला बारा वर्षांपासून रक्तदाबाचा त्रास आहे. हे मला माहीत होतं.