वाढत्या अंगाची बॅट

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुम्ही! हसा, पण मधे बोलू नका, नाहीतर माझं डोकं फिरतं. आणि डोकं फिरलं की काय होतं, तेच तर सांगायचंय.

पाटणच्या खालच्या अंगाला, कोयनेकाठी आमचं गाव. घरचा ऊस. मी तापट, हे गावाला ठाऊक. आमची मंडळी, सुमन, म्हणते, "तुमच्या डोक्यावर पापड ठेवला तर भाजून निघंल." खोटं नाही.

तर आमची तनू. वय वर्षं बारा, अंगानं काडी, पण शाळेच्या बेसबॉलच्या संघात एक नंबर. साताऱ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि पोरीनं महिनाभर दुसरा विषय काढला नव्हता. जेवताना बेसबॉल, झोपेत बेसबॉल. शाळेत बॅट एकच, तीही जुनी. म्हणून खेळाच्या मॅडमनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली: 'तनुजाला स्वतःची बॅट घ्यावी. तीस इंची. हलकी घ्यावी.'

हलकी!

माझी अशी सणकली म्हणता! मी वही आपटली. "हलकी म्हंजे काय? आमाला भारीतली झेपत न्हाई व्हय? ऐपत काढती माझी!"

"आवं, तसं नसंल," सुमन म्हणाली.

"मग कसं? हलकी साडी, हलकं बियाणं, हलका माल! कुणी चांगल्या अर्थानं म्हणतं का? एकुलती एक पोर माझी. घेणार तर भारीतली घेणार!"

तनू काहीतरी सांगत होती. मी ऐकलं का? छे! रागात माणसाला स्वतःचाच आवाज गोड लागतो.

कऱ्हाडात क्रिकेटच्या बॅटी ढिगानं. बेसबॉलची मागितली तर दुकानदारानं मला खालून वर न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "गाडीत ठिवायला पायजे का? कुणाशी वाजलंय?" माझा चेहराच तसा, त्याला काय बोलणार! तडक सांगली गाठली.

तिथल्या दुकानाचे मालक साठीचे, शांत. त्यांनी तीस इंची बॅट पुढं ठेवली. मी उचलली. पिसासारखी! नीट बघितलं, तर बुडाशी आकडे छापलेले. तीस. वीस. आणि शेवटी, उणे दहा.

आता मला सांगा, ऊस घालणाऱ्या माणसाला 'उणे' दिसलं की काय होतं? आमचा जन्म गेला काट्यावर. ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढला की काटा मारला का, वजन खाल्लं का, हीच धास्ती.

"मालक, हे उणे दहा काय?"

"ड्रॉप हाय ओ तो."

"ड्रॉप म्हंजे?"

"म्हंजे वजन कमी असतंय."

तोंडानं कबूल! मी दुकानातल्या गिऱ्हाइकांकडं वळून ओरडलो, "ऐकलं का? काटा मारत्यात आन वर छापूनबी देत्यात! आमी काय आंधळं हाय?"

कोपऱ्यात नातवासाठी चेंडू घ्यायला आलेले एक फेटेवाले आजोबा होते. ते लगेच उठले. "खरं हाय गड्या! सगळीकडं ह्योच धंदा! सोडू नगंस!"

झालं! मला तर स्फुरणच चढलं. मालक मधेच हात वर करून म्हणत होते, "पाव्हणं, ऐका तर..." पण दोघं ओरडत असताना तिसऱ्याचं कोण ऐकतं?

"पुऱ्या वजनाची हाय का न्हाई?" मी विचारलं.

"उणे तीन हाय. तेहतीस इंची. पण ती मोठ्या गड्यांची."

तीन! मी आजोबांकडं बघितलं. आजोबांनी मान हलवली. "तीन चालतंय. तेवढी घट आपण धरतोच की."

"पोरगी केवढी तुमची?" मालकांनी शेवटचा प्रयत्न केला.

"बारा. पण वाढत्या अंगाची घ्यायची असती!"

"बॅट हाय ओ, फ्रॉक न्हवं!"

पण आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचंच येतं. पाचवीत शिवलेला गणवेश सातवीत अंगाला बसतो, बुटाच्या टोकात कापूस कोंबतात. मग बॅटीनं काय घोडं मारलं? घेतली. आजोबांनी पाठ थोपटली. लढाई जिंकल्यासारखा घरी आलो.

सुमननं बघितलं आणि म्हणाली, "मुसळ कशाला आणलं?"

तनूनं दोन्ही हातांनी उचलली. बॅटीचं टोक हळूहळू जमिनीकडं गेलं. "पप्पा, लय जड हाय. मॅडम म्हनल्या हुत्या..."

"मॅडमला काय कळतंय! दूध पी, हलकी लागंल."

पोरीनं बॅट भिंतीला टेकवून ठेवली. माझ्यापुढं बोलून उपयोग नसतो, हे तिला बाराव्या वर्षीच कळलंय. मला मात्र त्याचं कौतुक वाटायचं. म्हणायचो, पोर शहाणी आहे.

निवडीच्या दिवशी साताऱ्याच्या मैदानावर प्रत्येकीला पाच चेंडू. तनूचा नंबर आला. मी दोरीला चिकटून उभा. पहिला चेंडू आला आणि मागं जाऊन पोचला, तेव्हा कुठं बॅट निघाली. दुसऱ्याला जोर लावला, तर बॅटीनंच पोरीला गरकन फिरवून खाली बसवलं. मुली हसल्या. तिसऱ्याला बॅट खांद्यावरून उठलीच नाही.

मॅडम धावत आल्या. त्यांनी बॅट हातात घेतली आणि विचारलं, "ही कुणी आणली?"

बस्स! मी दोरी ओलांडली. "मी आणली! तुमी लिवलं हलकी घ्या, आमी भारीतली घेतली. गरीब समजता काय आमाला? आन ह्या बॅटी करणारं चोर! उणे दहा, उणे दहा! दहाचा काटा मारत्यात!"

सगळं मैदान थांबलं. मॅडमनी बॅट माझ्यापुढं धरली.

"अहो, हलकी म्हणजे वजनाला हलकी!"

"आं?"

"लांबी इंचात, वजन औंसात. लांबीतून वजन वजा केलं की उरतो तो ड्रॉप. तीस इंच लांब, वीस औंस वजन, ड्रॉप दहा. लहान मुलांना मोठा ड्रॉप लागतो, म्हणजे बॅट फिरवता येते. तुम्ही पैलवानाची बॅट आणलीय!"

मागून कुणीतरी खीऽऽ करून हसलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोरी ओलांडून आलो होतो, परत जाताना तीच पायात अडकली.

उरलेले दोन चेंडू तनू शाळेच्या जुन्या बॅटीनं खेळली. पहिला थेट कुंपणावर. दुसरा कुंपणापलीकडच्या बाभळीत, तो सापडलाच नाही. पण पाचातले तीन मी खाल्ले होते, त्याचं काय?

यादी लागली. तनुजाचं नाव होतं. सगळ्यात खाली. राखीव.

माझा एवढा संताप झाला! आणि पहिल्यांदाच कळेना, की ओरडायचं कुणावर. मॅडमवर? दुकानदारावर? एसटीत तनू खिडकीला डोकं लावून बसली. रडली असती तर बरं झालं असतं. नुसती बाहेर बघत राहिली. त्या दिवशी पोरीचं मी खरंच वाटोळं केलं, आणि मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच सांगलीला गेलो. बॅट बदलून मिळाली. का मिळणार नाही? एक चेंडू लागला नव्हता तिला, कोरी करकरीत होती!

मालकांनी सूड घ्यायचं सोडलं नाही. भरल्या दुकानात मोठ्यांदा विचारलं, "बोला पाव्हणं, कशी देऊ?"

मी खाली मान घालून पुटपुटलो, "हलकी."

"ऐकाय आलं न्हाई."

"हलकी द्या ओ! उणे दहाची!"

"आन आमचा काटा?"

"बरोबर हाय!"

तनूनं नवी बॅट घेतली. एकदा सर्रकन फिरवली, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर जरा हसू आलं. मला बरं वाटलं. म्हटलं, पोर विसरली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "पप्पा, तुमची उंची किती वो?"

मी छाती काढून सांगितलं, "अडुसष्ट इंच!"

"मग तुमच्या अकलेचा ड्रॉपबी अडुसष्टच हाय."

मी स्टँडपर्यंत वजाबाकी करत गेलो. तिथं पोचलो तेव्हा उत्तर आलं: अकलेचं वजन, शून्य.