बरक्यातला न प्यालेला कहवा

बेल्जियमहून इकडे आखातात कुरिअरनं आलं ते असं: इंग्रजी फायली तीन, आकड्यांच्या तक्त्यांची एक गुंडाळी, चॉकलेटचा डबा एक. सोडवायला चार रियाल पडले. दोन दिवसांनी धाकटे दीर सुहासभाऊजी आले.

त्यांची तिकडे औषध शोधणारी छोटी कंपनी. रक्ताच्या आजारावरच्या त्यांच्या औषधानं उंदरांना गुण आला. माणसांवर चाचणी करायला पैसा नाही.

"वहिनी, तिथले दोन फंड तयार आहेत. पण दोघंही म्हणतात, आधी दुसरा कुणी पैसे घालू दे."

"पंगतीत पहिलं पान मांडून घ्यायला सगळे लाजतात, तसं!"

ते हसले नाहीत. अकरा माणसांचा पगार महिनाअखेरपर्यंतच पुरणार होता. पहिले पैसे घालणारे म्हणून ह्यांच्या अर्बाबना, म्हणजे मालकांना, विचारायचं ठरलं.

शुक्रवारी रुवीतल्या घरून बरक्याला, अर्बाबच्या गावी, निघालो. टॅक्सी माणशी एक रियाल, रस्ता सरळ, तासाभराचा. जूनमध्ये कुणी जाऊ नका, वारासुद्धा भाजतो. माझी निर्जळी एकादशी. ह्यांनी मासळीबाजाराजवळ पराठे खाल्ले, भाऊजींनी नुसता चहा घेतला.

अर्बाबच्या शेतावर पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बसले. मला आत त्यांच्या आईजवळ नेलं. तिथं स्वयंपाकाला असलेली रत्नागिरीची रझिया दुभाषी झाली; म्हातारीला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणे. म्हातारीनं स्वतः कहवा, इथली कडू कॉफी, ओतला. मी कप हातात घेतला, नमस्कार करून खाली ठेवला. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

"ताई, खाला विचारतायत, काय हवंय? सांगा."

परक्याच्या घरी कसं मागायचं? म्हटलं, "काही नको. देवाच्या कृपेनं सगळं आहे."

म्हातारीचा चेहरा उतरला. बाहेर पडताना ऐकलं, अर्बाब भाऊजींना म्हणत होते, "इन्शाल्ला, पुढल्या वर्षी बघू." भाऊजी फायली गोळा करत होते.

फाटकाशी रझियानं मला गाठलं. "काय ताई! हितं कहवा न पिता ठेवला म्हणजे काहीतरी मागणं असतं. खाला हो म्हणाल्या असत्या तर मुलानं त्यांचा शब्द मोडला नसता."

परतताना टॅक्सीत रझियाचं हे बोलणं मी माझ्यापाशीच ठेवलं.

आता घर आवरलं आहे. बरक्याहून आणलेला हलवा तसाच डब्यात आहे. भाऊजी बेल्जियमला परतलेत; फोनवर हे सांगणं जमेना, म्हणून त्यांना कुरिअरनं पत्र टाकलं. शेवटी लिहिलं: चूक माझी. म्हातारीकडे पुन्हा जाऊन मागेन, कितीही लाज वाटली तरी. किती आणि कसं मागू, ते उलट कुरिअरनं कळवा.