दुकान माझं, बुशकोट इवायाचा

इवायाबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. तो दौंडला असतो तोवर तर अजिबात नाही.

पण तो दौंडला राहतच नाही ना! सूनबाईचा बाप. रेल्वेतनं रिटायर झालेला, टमाट्यासारखा गोल, दर शनिवारी स्कुटीवर बसून आमच्या शिरूरकडच्या वस्तीवर हजर. पोरं मला आबा म्हणतात, त्याला आप्पा. मला म्हणतात ते चालत येऊन. त्याला म्हणतात ते पळत जाऊन.

ह्याला कारण आमच्या घरातली शाळा. माझा पोरगा सणसवाडीला कंपनीत शिफ्टवर. शाळेची गाडी वस्तीपर्यंत येत नाही. मग सूनबाईनं, मनीषानं, दोन्ही लेकरांना घरीच शिकवायचं काढलं. थोरली स्वरा सात वर्षांची, धाकटा शिवम चारचा. सगळं म्हणे हातानं करून शिकायचं. मी चौथीपर्यंत शिकलो. आमच्या शाळेत हातानं करायचं काम फक्त मास्तर करायचे. (तेही आमच्या पाठीवर!)

पहिल्याच दिवशी बघतो तर ताटात मूग आन् मटकी कालवून पोरांना वेगळी करायला बसवलेलं.

"सूनबाई, आधी कालवायची कशाला?"

"आबा, ॲक्टिव्हिटी हाय ती. बोटांना वळण लागतं."

मूग-मटकी निवडून माणूस शहाणं होत असतं तर आमची कौसल्या कलेक्टर झाली असती!

कौसल्या म्हणजे माझी मंडळी. दोन वर्षं झाली, ती गेली. कलेक्टर नव्हती, पण भाव करण्यात तिच्यापुढं कलेक्टरही टिकला नसता. दारात भांडीवाली आली, जुनी कापडं घेऊन भांडी देणारी, की ही तासभर तिचं डोकं खायची. सौदा मोडायची. भांडीवाली पाटी उचलून चालायला लागली की मागनं हाक, "अगं, च्या तरी घेऊन जा!" ती चहाला बसली की तिच्याकडनं आणखी एक वाटी निघालीच म्हणून समजा. स्वरा तेव्हा तिच्या मांडीवर बसून सगळं बघत असायची. कौसल्या गेल्यापासनं घरात चहा पुष्कळ होतो, पण वाटी काही वाढलेली नाही.

तर इवाई. त्यानं काय करावं? खोक्यांची आगगाडी केली. मोठमोठी खोकी एकामागं एक बांधली, चाकं रंगवली, पोरांना आत बसवलं, गळ्यात शिट्टी, हातात हिरवं फडकं. "गाडी पाटसला थांबंल का न्हाई?" असं विचारत विचारत पोरं स्टेशनांच्या पाट्या वाचायला शिकली. सूनबाई हरखली. पोरगा हरखला. आमचं कुत्रंसुद्धा शेवटच्या डब्यात जाऊन बसलं!

आन् तेवढ्यात त्याच्या बायकोचा फोन. तो काय करतो, फोन स्पीकरवर टाकतो. सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असा.

"अहो, जेवलात का? गोळी घेतली का? उन्हात हिंडू नका."

"व्हय गं, व्हय," असं वैतागून म्हणायचं आन् माझ्याकडं बघून हसायचं. गोळ्या मीही घेतो. मला कुणी विचारत नाही, कारण ताटाच्या आधी मीच पाटावर बसलेला असतो. सूनबाईनं विचारायचं तरी काय?

आपणही काहीतरी शिकवावं म्हणून मी पोरांना विंचू कसा धरायचा ते दाखवायचं ठरवलं. दगडही उचलला होता. सूनबाई आतनं पळत आली. "आबा! ॲक्टिव्हिटी हाय, पोलीस केस न्हाई!"

मग निघालं दुकान. "ह्या शनिवारी पोरांचं दुकान मांडायचं," सूनबाई म्हणाली. "वस्तू मोजायच्या, द्यायच्या, घ्यायच्या." इवाई दौंडहून तयारीनंच आला. काडेपेट्यांचे साबण, बाटल्यांच्या बुचांचे पैसे, करवंट्यांचा तराजू. ओट्याच्या एका कडेला त्यानं असं काही किराणा दुकान थाटलं की मलाच पावशेर गूळ घ्यावासा वाटला.

माझं डोकं फिरलं. "पाव्हणं, लेकरांना खोटं कशाला शिकिवता? दुकान मांडायचं तर खरं मांडा!"

"मग मांडा की आबा," इवाई गोड हसून म्हणाला. "जागा हाय."

असा राग आला! तरातरा घरात गेलो आन् कौसल्याची पत्र्याची पेटी ओढत बाहेर आणली.

सूनबाई दारात थबकली. कारण वर्ष झालं, त्या पेटीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. ती एकदा ऊन दाखवते म्हणाली, तर मी दोन दिवस बोललो नव्हतो. आन् आज इवायाच्या करवंट्यांवर मात करायला पेटीच उघडली! आत तिची नऊवारी लुगडी. सगळ्यात वर हिरवं, इरकली. ते नेसून ती लग्नाकार्याला निघाली की मी उगीच चपला शोधत मागं राहायचो, मागनं बघायला मिळावं म्हणून. अजून त्याला तिच्या तपकिरीचा वास होता.

"हे कापडाचं दुकान," मी म्हणालो. "हातानं मोजायचं. कोपरापासनं बोटापर्यंत एक हात. स्वरा, तू मालकीण. शिवम, तू नोकर."

दुकान भरगच्च दिसावं म्हणून माझीही कापडं आणून रचली. धोतरं, सदरे, टोप्या, पोराच्या लग्नातला कोट, सगळं. पोरं माझ्याकडं पळत आली! किराणा ओस पडला! इवाई एकटाच तराजू घेऊन बसलेला बघून मला इतकं बरं वाटलं की म्हटलं, आता निवांत आंघोळ करावी. सूनबाई मागं गाईला पाणी पाजायला गेली. इवायाला बायकोचा फोन आला, तो रेंजसाठी लिंबाखाली गेला.

मी मोरीत. अंगावर दोन तांबे घेतले, तर ओट्यावरनं बाईमाणसाचा आवाज.

"एवढ्यावर डबा परवडत न्हाई गं बाय."

"झाकण पण पायजे," स्वराचा आवाज.

मी तांब्या हातात धरून ऐकत राहिलो. म्हटलं बघा, इवाई आता बायकी आवाजबी काढायला लागला! माझं चाललेलं दुकान बघवलं नाही, गिऱ्हाईक होऊन घुसला! बाहेर जाऊन त्याचं कौतुक करायचं? छट्! मी मुद्दाम पाठ घासत बसलो. चांगली लाल होईस्तोवर.

पंचा गुंडाळून बाहेर आलो तर ओटा मोकळा. मध्यभागी एक स्टीलचा डबा, उन्हात चमकतोय. त्याच्यामागं स्वरा, मांडी घालून.

"आबा, धंदा झाला!"

"कापडं कुठायत?"

"भांडीवाल्या मावशीनं नेली."

मी पेटीत बघितलं. पेटी रिकामी. तळाला नुसता जुना पेपर.

"समदी नेली?" मी पेटी उलटी करत विचारलं.

"समदी!" नोकर टाळ्या वाजवत म्हणाला.

पुढचं मी विचारलंच नाही. इवाई लिंबाखालनं येत होता, फोन हातात.

"पाव्हणं, गाडी काढा!"

"आबा, आधी कापडं तर घाला..."

"कापडंच गेल्यात! काढा गाडी!"

मी मागं बसलो. उघडा, पंचावर, ओला. इवाई स्कुटीही रेल्वेसारखी चालवतो. स्पीडब्रेकर दिसला की थांबतो, दोन्हीकडं बघतो, जणू फाटक पडलंय! "हाणा की पाव्हणं!" म्हणून मी त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होतो आन् त्याच्या खिशातला फोन अजून चालूच होता.

"अहो," खिशातनं त्याची बायको विचारत होती, "तिकडं रडतंय कोण?"

इवायानं आरशात मला बघितलं. मग म्हणाला, "कुनी न्हाई गं. वारं हाय."

ह्या एका वाक्यासाठी मी त्याला माफ करणार होतो. पुढं तो खड्ड्यात गेला म्हणून राहिलं.

फाट्यावर शेडखाली भांडीवाली एसटीची वाट बघत बसलेली, बाजूला पाटी आन् हे एवढं गाठोडं. कंपनीची गाडी यायची वेळ, त्यामुळं पोरांची गर्दी. मला बघून त्यातला एक म्हणाला, "चाचा, कपड़े कहाँ गए?"

"तेच बघायला आलोय!" मी ओरडलो आन् भांडीवालीपुढं उभा राहिलो. "बाई, माझ्या मंडळीची लुगडी दे. डबा नको, काय नको. हवं तर माझी गाय ने, पर लुगडी दे."

"कुटली लुगडी?" ती उठून उभी राहिली. "त्या टिचभर पोरीनं एक लुगडं दिलं न्हाई मला! हिरव्यावर माझा लई जीव आल्ता. म्हनली, 'ती विकायची न्हाईत, ती आबाची हायेत.' मी म्हनलं, बरं, मग ही धोतरं? तर म्हनली, 'ती न्या, ती पण आबाचीच, पर फाटकी हायेत.'"

आन् खोटं वाटायला नको म्हणून तिनं भर फाट्यावर गाठोडं सोडलं. माझी धोतरं! माझे सदरे! माझा कोट! मागनं विरलेली बनियन तिनं उजेडासमोर धरली, तर पलीकडची एसटी दिसली. शेवटी पट्ट्यापट्ट्याच्या दोन चड्ड्या निघाल्या. कंपनीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"आन् काय वस्ताद पोरगी हो," भांडीवाली म्हणाली. "झाकण घेतलं. निघाले तर मागनं हाक, 'मावशी, च्या घेऊन जा.' म्हनलं, लेकरू मायेचं हाय. बसले, तर खोट्या कपात खोटा च्या दिला आन् खरी वाटी काढून घेतली!"

मी शेडच्या खांबाला धरून हसायला लागलो. हसताना डोळ्यांना पाणी येतं, ते कुणालाही येतं.

"पोरगी आमच्यावर गेलीय," इवाई म्हणाला.

"गप बसा! माझ्या बायकोवर गेलीय!"

एसटी आली. भांडीवालीनं विचारलं, "मग आबा, कापडं परत पायजेत का? डबा आनलाय?"

"ने बाई, ने!" लुगडी वाचल्याच्या आनंदात मी एसटी दिसेनाशी होईस्तोवर हात हलवला. हात खाली आला तवा ध्यानात आलं, आता माझ्याकडं जगात फक्त हा पंचा आहे. आन् तोही एका बाजूनं सुटायला लागलाय.

घरी आलो. "लुगडी कुठं ठिवलीस गं?"

स्वरानं इवायाच्या आगगाडीकडं बोट केलं. शेवटच्या खोक्यात, नीट घडी घालून. "मावशी सारखी हिरव्याकडं बघत होती. म्हणून दौंडला पाठवली." वर राखणीला कुत्रं.

म्हणजे लुगडी वाचवली कुणी? इवायाच्या गाडीनं! असं होतं माझं.

मग इवायानं आपली पिशवी उघडली. बायकोनं इस्त्री करून दिलेला जादा जोड. विजार माझ्याभोवती दीडदा फिरली, ती सुतळीनं बांधली. वर निळा बुशकोट. शिवम झोपेतनं उठून आला, मागनं बुशकोट बघितला आन् "आप्पाऽऽ" करत पळत येऊन मला बिलगला. मी मागं वळून बघितलं नाही. दोन मिनिटं मिळाली ती मिळाली.

तेवढ्यात ओट्यावर फोन वाजला. इवाई पाय धुवायला गेलेला. मी उचलला आन् कानाला लावला. तो म्हणे तोंड बघायचा फोन होता, मला काय ठाऊक? पलीकडनं इहीणबाईंना नुसती निळी कॉलर दिसली असणार.

"अहो, जेवलात का?"

मी पोटभर जेवलेलो होतो. तरी म्हणालो, "न्हाई."

"काय बाई तरी! आधी जेवून घ्या, मग बोला," असं ती रागावली. मी निमूट जाऊन पुन्हा पाटावर बसलो. सूनबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोनकडं, आन् नव्या वाटीत आमटी वाढली.

पोरानं मला दुसऱ्याच दिवशी नवी कापडं आणली. इवाई मात्र दर शनिवारी बुशकोट मागतो. मी सांगतो, धुतलाय, वाळत घातलाय, अजून ओला आहे. पावसाळाभर हे चाललं. आता कडक उन्हाळा लागलाय, आन् सूनबाई पोरांना शिकवतेय, ओलं कापड उन्हात किती वेळात वाळतं!